सामान्य माणसाचे स्वसंरक्षण : या देशातील शंभर वर्षांची शिकवण

स्वसंरक्षण हा शब्द निघाला की आपल्या बेने इस्राएल घरांतून प्रथम पलटणीची आठवण निघते. भिंतीवर पणजोबांचा फोटो असतो, छातीवर बिल्ले असतात, आणि मुलांना सांगितले जाते की आपले लोक कंपनी सरकारच्या मुंबई पलटणींतून सुभेदार, जमादार झाले. ही गोष्ट खरी आहे व अभिमानाचीही आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेलेला आपल्या समाजाचा इतिहास ज्यांनी चाळला असेल, त्यांना पलटणीच्या नोकरीने आपल्या समाजाला केवढा मान मिळवून दिला हे निराळे सांगावयास नको.

परंतु पलटण ही एक गोष्ट आणि सामान्य माणसाचे संरक्षण ही दुसरी. शिपायाच्या हातात बंदूक असते, डावी-उजवीकडे सोबती असतात, आणि काय करावयाचे ते अंमलदार सांगतो. रात्रपाळी संपवून एकटी घरी परतणारी परिचारिका, दुकान बंद करून दिवसाचा गल्ला घेऊन निघालेला म्हातारा दुकानदार, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी आपली एखादी आजी, यांच्यापाशी यांतले काहीच नसते. त्यांनी काय करावे? या प्रश्नाला ह्या देशात गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या माणसांनी उत्तरे दिली. काही उत्तरे फसली, काही टिकली. जी टिकली त्यांत एक गोष्ट समान आहे, ती अशी की सामान्य माणूस घाबरल्यावर खरोखर काय करतो, याचा विचार त्यांत अगोदर केलेला होता. तोच इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

मजुरांच्या हातातील जुजुत्सु

पहिले महायुद्ध संपल्यानंतर हा देश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. १९२०, १९२१ आणि १९२९ साली येथे ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले. १९२० साली हगाना ही संरक्षण संघटना उभी राहिली, परंतु परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा होता. सापडले तर तुरुंग. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या तरुण मजुराजवळ बहुधा त्याचे दोन हातच असत, आणि समोरून येणाऱ्याच्या हातात सुरा किंवा सोटा असे.

अशा मजुरांत मोशे फेल्डनक्राईस नावाचा एक तरुण होता. १९०४ साली आजच्या युक्रेनमधील स्लावुता गावी त्याचा जन्म झाला. महायुद्ध संपल्यावर तो किशोरवयातच येथे आला व तेल अवीवच्या बांधकामांवर मजुरी करू लागला. त्या काळी तरुणांना जपानी जुजुत्सुचे डावपेच शिकविले जात. डाव सुंदर होते आणि वर्गात सारे काही ठीक चाले. परंतु सहा महिने गेले, सराव सुटला, आणि गल्लीत खरोखर कोणी सुरा घेऊन अंगावर आला, की शिकलेला डाव आठवत नसे. मुलगा मार खाई, कित्येकदा जीवही गमावी.

फेल्डनक्राईस यांनी येथे जो विचार केला तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. दोष शिकणाऱ्याचा आहे असे त्यांनी मानले नाही. त्यांनी उलटी परीक्षा घेतली. कोणास काही न शिकविता त्याच्यावर एकाएकी हल्ल्याचा आव आणावयाचा आणि तो विचार न करता पहिली हालचाल कोणती करतो ते पाहावयाचे. त्यांनी त्याची छायाचित्रेही घेतली. त्यांत दिसून आले की कोणी हात उचलून तोंड व गळा झाकतो, कोणी अंग चोरून पाठ फिरवितो. ही हालचाल कोणी शिकविलेली नसते. आपल्या कोकणात पावसाळ्यात विहिरीच्या काठी शेवाळावरून पाय घसरला की हात आपोआप पुढे येतो, तो कोणत्या गुरूने शिकविला? तसेच हे. मग फेल्डनक्राईस यांनी ठरविले की या आपोआप होणाऱ्या हालचालीशी भांडावयाचे नाही. बचाव तिच्यापासूनच सुरू करावयाचा. हात वर जाणारच आहे, तर त्याच हाताने सुऱ्याचा हात अडवावयाचा आणि तेथून पुढचे पाऊल टाकावयाचे. असे शिकविलेले डाव पुष्कळ दिवस सराव नसला तरी अंगात राहिले, कारण त्यांची अर्धी पुंजी माणसाच्या अंगी जन्मतःच होती.

या विषयावरील त्यांचे हिब्रू पुस्तक १९३१ च्या सुमारास निघाले आणि हगानाच्या तरुणांच्या उपयोगी पडले. पुढे ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तेथे १९३३ साली ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांची व त्यांची गाठ पडली, आणि पुस्तकातील सुऱ्यापासून बचावाच्या डावाने कानोंचे लक्ष वेधून घेतले. कुस्तीचा महागुरू एका मजुराच्या पुस्तकाकडे कुतूहलाने पाहतो, ही गोष्ट लहान नव्हे. हेच फेल्डनक्राईस पुढे शरीराच्या हालचालींच्या शिक्षणासाठी जगभर प्रसिद्ध झाले. पंतप्रधान बेन गुरिऑन यांचा हर्झलियाच्या समुद्रकिनारी डोक्यावर उभे राहिल्याचा १९५७ सालचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. त्यांना उतारवयात ते शिकविणारे गुरू हेच. १९८४ साली तेल अवीव येथे त्यांचे देहावसान झाले.

ब्रातिस्लावाची तालीम

दुसरी कथा आहे इमी लिख्टेनफेल्ड यांची. आज क्राव मगा हे नाव आपल्या नातवंडांच्या तोंडी असते. हिब्रूत त्याचा अर्थ अंगाला अंग भिडवून केलेली झुंज. ही विद्या इमींनी घडविली.

इमींचा जन्म २६ मे १९१० रोजी बुडापेस्ट येथे झाला आणि ते ब्रातिस्लावा शहरात लहानाचे मोठे झाले. वडील सॅम्युएल लिख्टेनफेल्ड तरुणपणी सर्कशीत कसरती व कुस्त्या करीत. पुढे ते ब्रातिस्लावाच्या पोलीस खात्यात गुप्त तपासाचे अंमलदार झाले आणि त्यांनी 'हर्क्युलस' नावाची तालीम चालविली. आपल्याकडे पेठेपेठेतून जशा तालमी असत, तशीच ती म्हणावी. इमी तेथे कुस्ती, मुष्टियुद्ध आणि कसरत शिकले. १९२८ साली त्यांनी स्लोवाकियातील युवकांचे कुस्तीचे अजिंक्यपद मिळविले व पुढच्याच वर्षी मोठ्यांच्या गटातही यश मिळविले.

मग १९३० नंतरचे दिवस आले. ज्यूद्वेष्ट्या टोळ्या रस्त्यावर उतरू लागल्या. १९३६ साली ब्रातिस्लावात दंगे झाले. इमींनी ज्यू पैलवान व मुष्टियोद्धे गोळा केले आणि ज्यू वस्तीच्या वाटांवर ते उभे राहू लागले. येथे त्यांना जो धडा मिळाला तो कोणत्याही आखाड्यात मिळाला नसता. आखाड्यात पंच असतो, जोड सारख्या वजनाचा असतो, खाली पाडले की कुस्ती संपते. रस्त्यावर चौघे मिळून एकाला धरतात, हातात साखळी किंवा सुरा असतो, आणि खाली पडलेल्याला लाथा बसतात. कुस्तीत जे कौशल्य म्हणून टाळ्या घेते, ते रस्त्यावर कित्येकदा जिवावर बेतते. प्रतिस्पर्ध्याला कवेत घेऊन जमिनीवर लोळविणारा पैलवान दुसऱ्याच्या लाथेस सापडतो. खेळ निराळा आणि जीव वाचविणे निराळे, हे इमी तेथे शिकले.

परंतु या कथेचा दुसरा भागही आपण विसरता कामा नये. मुठीच्या जोरावर एक गल्ली एक रात्र वाचविता येते. जेव्हा सरकारच उलटते तेव्हा मूठ पुरत नाही. १९३९ साली स्लोवाकियात जर्मनीच्या आश्रयाखालील राज्य आले आणि १९४२ साली तेथील सुमारे ५८,००० ज्यूंना गाड्यांत भरून छावण्यांकडे पाठविण्यात आले. इमी त्यापूर्वी, १९४० साली, निघाले होते. शहरातील सर्वांत बलवान तरुणांपैकी एकाने वेळ ओळखून गाव सोडले. त्याला कोणी भित्रा म्हणाले असेल तर म्हणो. त्या निघण्यातही स्वसंरक्षण होते.

'पेंचो' बोट

ते ज्या बोटीतून निघाले तिचे नाव 'पेंचो'. ही डॅन्यूब नदीतून चालणारी जुनी आगबोट, समुद्रासाठी ती बांधलेलीच नव्हती. तिच्यावर सुमारे पाचशे ज्यू स्त्रीपुरुष दाटीवाटीने भरले होते. नदीत कित्येक महिने रखडत ती एजियन समुद्रात आली, आणि ऑक्टोबर १९४० मध्ये कामिलोनिसी नावाच्या निर्जन बेटाजवळ फुटली. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून लागले असे आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. म्हणून ही हकीगत ऐकताना आपल्याला ती परकी वाटत नाही.

मदत आणण्यासाठी काही जण एका लहान होडीतून वल्ही मारीत निघाले, त्यांत इमी होते. त्यांना ब्रिटिशांनी समुद्रातून उचलले व अलेक्झांड्रियास नेले. बेटावरच्या मंडळींना इटालियनांनी रोड्सला आणि पुढे इटलीतील छावणीत ठेवले. इमी ब्रिटिशांच्या हाताखालील चेक सैन्यात भरती झाले आणि १९४२ साली या देशात आले. १९४४ पासून ते हगाना व पालमाखच्या तरुणांना शिकवू लागले. १९४८ साली राज्य स्थापन झाल्यावर ते सैन्यात शारीरिक शिक्षण आणि क्राव मगाचे प्रमुख शिक्षक झाले.

त्यांनी आपले आडनावही बदलले. लिख्टेनफेल्ड या शब्दातील प्रकाश आणि शेत या दोन अर्थांचे हिब्रू करून ते 'स्दे-ओर' झाले. दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर आणि किहीमचे केहिमकर झालेल्या आपल्या लोकांना नावात जागा जपण्याचा हा प्रकार चांगला कळेल.

सैन्यातून पेठेत

त्या काळच्या सैन्यात कोण कोण येत असे याचा विचार करा. मोरोक्कोहून आलेला चांभाराचा मुलगा, रुमानियातून छावणीतून वाचलेला, इराकचा विद्यार्थी, कोचीनचा, मुंबईचा गिरणीतला. कोणाला हिब्रू येत नसे. कोणी धिप्पाड, कोणी काडीसारखा. शिकवावयास वेळ थोडा. अशा माणसांना वीस वर्षे तपश्चर्या करून साधणारी विद्या कशी चालावी? म्हणून इमींनी जे गाळता येईल ते सर्व गाळले. फेल्डनक्राईस यांच्याप्रमाणेच त्यांनीही अंगाच्या आपोआप होणाऱ्या हालचालीवर आपली पद्धत उभी केली.

सैन्याची नोकरी संपल्यावर, १९६० नंतरच्या वर्षांत, त्यांनी ही विद्या नागरिकांसाठी नव्याने बसविली आणि तेल अवीव व नतानया येथे ती शिकवू लागले. सैनिकाला शत्रूला संपवावयाचे असते. नागरिकाला घरी परतावयाचे असते. म्हणून डाव तेच असले तरी हेतू बदलला. पुढे नतानयाजवळच्या विंगेट संस्थेत नागरी शिक्षकांचा पहिला वर्ग भरला. १९७८ साली क्राव मगाची संघटना स्थापन झाली. मुली, प्रौढ बायका, वृद्ध यांच्यासाठी वर्ग निघाले आणि गावोगावच्या मतनासमध्ये मुले ही विद्या शिकू लागली. ९ जानेवारी १९९८ रोजी नतानया येथे वयाच्या ८७ व्या वर्षी इमी वारले.

त्यांच्या शिकवणीचा क्रम आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण चित्रपटात दिसतो त्याच्या तो अगदी उलटा आहे. पहिली गोष्ट, संकटाच्या जागी जाऊच नये. अंधारी बोळ टाळता येत असेल तर टाळावी. दुसरी, अंतर राखावे. हात लांब केला तरी लागणार नाही इतक्या दूर जो उभा आहे त्याला विचार करावयास एक क्षण मिळतो. तिसरी, निघून जाता येत असेल तर निघून जावे. चौथी, जे हाताशी असेल ते मधे आणावे : खुर्ची, पिशवी, छत्री, बाजाराची ढकलगाडी. आणि काहीच उपाय उरला नाही तरच हात चालवावा, तोही थोडा वेळ, नाजूक जागी आणि सुटका होईपर्यंतच. मग सभोवार पाहावे, कारण दुसरा कोणी असू शकतो, आणि तेथून निघावे. उभे राहून विजय साजरा करण्याची जागा ती नव्हे.

याच शिकवणीतून असे निघते की बटव्यासाठी झुंजू नये. चोराने सुरा दाखवून पैसे मागितले तर पैसे द्यावेत. शंभर शेकेल पुन्हा मिळतात. जो सुरा पैशासाठी नाही, माणसासाठीच आला आहे, त्याच्यापुढे मात्र पळावे, ओरडावे, आणि पळता आले नाही तर सर्व बळ एकवटून लढावे. हा भेद ओळखणे हे डावापेक्षा महत्त्वाचे आहे. आपल्या तरुणांपैकी कोणी खिशात चाकू बाळगून स्वतःला सुरक्षित समजत असेल, तर त्याला वडीलधाऱ्यांनी सांगावे की या विद्येचा जनक शिष्यांना आधी भांडण टाळावयास शिकवीत असे. खिशातला चाकू भांडणात बाहेर येतो आणि कोणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो.

शब्दाने वाचलेला प्राण

शब्दानेही प्राण वाचतो, याचे उदाहरण आपल्याच समाजात आहे. अठराव्या शतकात म्हैसूरच्या लढाईत कंपनीच्या पलटणीतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर कैद झाले. आपल्याकडे परंपरेने सांगतात की कैद्यांना तुम्ही कोण असे विचारले असता त्यांनी आम्ही बेने इस्राएल असे उत्तर दिले, आणि टिपू सुलतानच्या आईने, इस्राएलची ही लेकरे पवित्र ग्रंथात वर्णिलेली आहेत असे म्हणून त्यांना जीवदान देवविले. परत आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले. तेच शाअर हारहमीम, दयेचे द्वार. ज्या सुभेदाराच्या कमरेला तलवार होती, त्याचा जीव तलवारीने नव्हे, धीराने दिलेल्या उत्तराने वाचला, असे आपली परंपरा मानते. चिडलेल्या माणसाशी हळू आवाजात, दोन हात मोकळे दाखवून बोलावे असे आजचे शिक्षक सांगतात. त्यात आपल्याला नवे असे थोडेच आहे.

शेजाऱ्यांचा पहारा

आतापर्यंत एकट्याची गोष्ट झाली. परंतु एकट्याने करावयाचे संरक्षण कोठे संपते हे १९७४ सालाने दाखविले. त्या वर्षी ११ एप्रिलला किर्यात श्मोना येथे एका इमारतीत शिरून हल्लेखोरांनी १८ जणांना मारले, आणि १५ मे रोजी माअलोत येथे शाळेतील मुलांना ओलीस धरून त्यांतील वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. ही गावे सरहद्दीजवळची, नव्याने आलेल्या लोकांची. आपल्या समाजाची पुष्कळ घरे दिमोना, बेअर शेवा, अश्दोद, लोद, किर्यात गात अशा नव्या गावांतूनच बसलेली असल्यामुळे त्या बातम्यांनी आपल्याकडे किती काळजी पसरली असेल हे सांगावयास नको.

त्याच वर्षी मिश्मार एझराही, म्हणजे नागरी पहारा, स्थापन झाला. कल्पना अगदी साधी होती. मोहल्ल्यातले लोक स्वखुशीने नावे देत, पाळीपाळीने दोघे-दोघे रात्री फिरत. एक शिक्षक, एक बसचालक, गिरणीतून निवृत्त झालेला कोणी. हातात जुनी कार्बाईन आणि एक विजेरी. याचा उपयोग बंदुकीमुळे थोडा आणि ओळखीमुळे जास्त होत असे. कोणत्या घरात कोण एकटे आहे, कोणत्या जिन्यातला दिवा गेला आहे, कोणती गाडी या मोहल्ल्यातली नाही, हे फिरणाऱ्याला ठाऊक होई. चाळीत राहिलेल्या आपल्या मंडळींना हे नवीन नव्हते. गॅलरीत बसलेल्या आजीच्या नजरेतून अनोळखी माणूस सुटत नसे. बंद दारांच्या ब्लॉकमध्ये राहावयास आल्यावर ती नजर आपण गमावली, आणि नागरी पहाऱ्याने ती काही अंशी परत दिली.

मुखवटा आणि बंद खोली

१९९१ सालची गोष्ट आमच्या पिढीच्या चांगल्या आठवणीत आहे. १८ जानेवारीच्या पहाटे इराकची क्षेपणास्त्रे आली आणि फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत सुमारे चाळीस पडली. विषारी वायूची भीती होती. घरोघर मुखवट्यांची खोकी आली. एक खोली निवडून खिडक्यांना प्लास्टिक व चिकटपट्टी लावावयाची, दाराच्या फटीत ओला कपडा ठेवावयाचा. रेडिओवर 'नाहाश त्सेफा', म्हणजे विषारी साप, असा संकेत आला की सर्वांनी खोलीत शिरावयाचे. ज्यांना हिब्रू नीट येत नव्हते अशा आपल्या वडीलधाऱ्यांना मुले-नातवंडे मराठीत समजावून सांगत होती, की आजी, हा पट्टा असा ओढायचा.

वायू आला नाही. प्रत्यक्ष क्षेपणास्त्राच्या आघाताने मेलेल्यांची संख्या अगदी थोडी राहिली. त्याहून अधिक माणसे भीतीने हृदय बंद पडून गेली, आणि काही तर मुखवटा चुकीचा लावल्याने, गाळणीचे झाकण काढावयाचे राहून गेल्याने, गुदमरून गेली. फेल्डनक्राईस यांना जो धडा मिळाला तोच हा धडा. साधन घरात असणे म्हणजे संरक्षण नव्हे. घाबरलेल्या माणसाचा हात ज्या गोष्टीला सरावलेला नाही, ती गोष्ट ऐन वेळी त्याच्यावरच उलटते.

या युद्धानंतर, १९९२ साली, नागरिकांच्या संरक्षणासाठी सैन्याचा निराळा विभाग स्थापन झाला आणि नव्या प्रत्येक घरात ममाद बांधण्याचा नियम आला. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार, खिडकीला पोलादी झडप. हे अधिक शहाणपणाचे होते, कारण माणसाला काही तोंडावर चढवावे लागत नाही, फक्त शेजारच्या खोलीत जावे लागते. ती खोली रोजच्या वापरातली, मुलांची झोपण्याची. भीतीच्या वेळी पाय आपोआप तिकडे वळतात.

पण ममादही एका विशिष्ट संकटासाठी बांधलेला होता. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझाजवळच्या वस्त्यांत हल्लेखोर घरांत शिरले तेव्हा हे सर्व देशाला कळून चुकले. ममादचे दार स्फोटासाठी होते. मदतीला येणाऱ्याला ते बाहेरून उघडता यावे म्हणून आतून कुलूप लावण्याची सोय नव्हती. आईबापांनी तासन्‌तास हाताने दांडा धरून ठेवला. कोणाचा हात टिकला, कोणाचा नाही. त्यांच्या धैर्याविषयी आम्ही काय लिहावे! काल ज्या संकटाने गाठले त्याच्यासाठी आपण भिंत बांधतो आणि उद्याचे संकट दुसऱ्या दाराने येऊ शकते, एवढेच येथे नमूद करतो.

आपल्या घरात

आता आपल्या घराविषयी. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे अजून १९५० ते १९७० च्या दरम्यान बांधलेल्या ब्लॉकांत राहतात. त्यांत ममाद नाही. खाली किंवा शेजारी सामायिक मिकलात असते. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रे आली तेव्हा अशा घरांतील वृद्धांना रात्री-बेरात्री जिने उतरावे लागले. इशाऱ्यानंतर मिळणारा वेळ गावागणिक निराळा असतो. गाझाहून येणाऱ्या रॉकेटसाठी स्देरोतला १५ सेकंद, अश्दोदला ४५, बेअर शेव्याला ६०, तेल अवीवला ९० असे धरले जाई. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन मजले उतरावयास किती वेळ लागतो, हे कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेले नसते. ते घरच्यांनीच पाहावयाचे असते.

म्हणून या इतिहासातून निघणाऱ्या चार साध्या गोष्टी आम्ही सुचवितो. मिकलात कोठे आहे, त्याची किल्ली कोणाकडे आहे आणि आत दिवा लागतो की नाही, हे आधी पाहून ठेवावे. वेळेत खाली पोहोचणे ज्यांना शक्य नाही त्यांनी जिन्यातील आतली, खिडकीपासून दूरची जागा अगोदर ठरवून ठेवावी. पलंगाशेजारी चपला, विजेरी, औषधे आणि टेलिफोन एकाच जागी ठेवावा, म्हणजे अंधारात हात तेथेच जाईल. पोलिसांचा १०० आणि रुग्णवाहिकेचा १०१ हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत, मराठीत वाचणाऱ्यांसाठी मराठीत, भिंतीवर लावावेत. मुलींना व नातींना मतनासच्या वर्गात जरूर पाठवावे, पण घरी आल्यावर त्यांना विचारावे की आज कोणता डाव शिकलीस याबरोबरच आज काय टाळावयास शिकलीस.

आणि हे सर्व एकदा करून पाहावे. वाचून ठेवलेली गोष्ट ऐन वेळी आठवत नाही. येत्या शब्बाथनंतर, मोत्साए शब्बाथच्या संध्याकाळी, आपल्या जिन्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याचे दार वाजवा, हातात घड्याळ धरा, आणि त्यांच्याबरोबर सावकाश मिकलातपर्यंत चालत जा. किती सेकंद लागले ते त्यांच्या देखत एका कागदावर लिहा, आणि हाक आली तर कोणी त्यांचा हात धरून खाली न्यावयाचा, हेही त्याच कागदावर नावानिशी लिहून ठेवा.